दवबिंदू : बर्मानी कोणता, स्पॅट्युलाटा कोणता?

गॅलरीवाली_मुलुंड: माझ्याकडे दवबिंदूच्या (चिकट पानांनी किडे पकडणाऱ्या ड्रोसेराच्या) दोन कुंड्या आहेत. चिठ्ठी दोन्हींवर ‘ड्रोसेरा स्पॅट्युलाटा’ अशीच. दोन्ही तांबूस, मातीला चिकटून बसलेली. पण एकाची पानं पाचरीसारखी रुंद, देठ जवळजवळ नाहीच; दुसऱ्याची चमच्यासारखी. ऊन कमीजास्त झालं की पानाचा आकार बदलतो, म्हणून निव्वळ पानावरून ठरवायला मन धजत नाही. पाचरीवाल्याला तुरा येतोय. अजून काय बघू?

सड्यावरचा: तुरा आलाय ना, मग पानं राहू द्या, दांडा बघा. भिंग घ्या आणि दांडा उजेडासमोर तिरका धरा. स्पॅट्युलाटाच्या दांड्यावर बारीक ग्रंथींचे केस दिसतात, बर्मानीचा गुळगुळीत असतो. खरा निकाल मात्र फुलात आहे. मधल्या अंडाशयावरचे कुक्षिवृंत, म्हणजे त्यातून वर आलेले बारीक दांडे, मोजा. बर्मानीत ५, एकालाही फाटा नाही. स्पॅट्युलाटात ३, पण प्रत्येक बुडापासून दुभंगलेला, त्यामुळे घाईत ६ वाटतात. सकाळीच बघा, फूल फार वेळ उघडं राहत नाही. रंगावर जाऊ नका. बर्मानी पांढरी असते हे खरं, पण स्पॅट्युलाटा गुलाबी असते तशी पांढरीही असते.

दादरकर_वनस्पती: एक भर. किडा लागला की बर्मानीच्या पानाच्या कडेचे लांब तंतू काही सेकंदांत आत वळतात. स्पॅट्युलाटा बरीच सावकाश. आणि आपल्या जांभ्याच्या सड्यांवर रानात बर्मानी आणि इंडिका भेटतात, स्पॅट्युलाटा भारतातली नव्हेच. इंडिकाचा घोळ होत नाही, ती उभी वाढते आणि पानं दोऱ्यासारखी.

गॅलरीवाली_मुलुंड: दांडा अगदी गुळगुळीत आहे! आज फूल उमललं. पांढरं, मधे ५ सुटे वृंत. म्हणजे बर्मानीच. पण आता काळजी वाटते, ती वर्षभरातच जाते ना?

सड्यावरचा: हो, बहुधा फुलून बी धरली की संपते. म्हणून तर ओळख पटणं इतकं महत्त्वाचं. स्पॅट्युलाटा समजून बी झडू दिली असती, तर झाड गेल्यावर हाती काहीच उरलं नसतं. बोंडं वाळून तपकिरी झाली की दांड्याखाली कागद धरून हलकेच झटका. बी काळी आणि भुकटीइतकी बारीक असते. ओल्या पीटवर (कुजलेल्या शेवाळाच्या मातीवर) नुसती भुरभुरवा, वर माती अजिबात नको, तिला रुजायला उजेड लागतो. पाणी पावसाचं किंवा आरओचं, खालच्या ताटलीतून. थोडी बी कागदात गुंडाळून वेगळी ठेवा. आणि त्या कुंडीची चिठ्ठी आजच बदला.