मदत हवी आहे: टेम्सचं एचिंग मूळ आहे हे कसं ओळखायचं?

लंडनला जुन्या बाजारात समुद्र आणि जहाजांची चित्रं काढणारे ब्रिटिश चित्रकार डब्ल्यू. एल. वायली (१८५१–१९३१) यांच्या नावाचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र) मिळालं. टेम्सवर मालाच्या बार्जेस, धूर ओकणारी टगबोट, मागे पूर्ण झालेला टॉवर ब्रिज, म्हणजे १८९४ नंतरचंच असणार. दोरखंड इतके चोख की हा गडी स्वतः शिडाच्या होड्या हाकायचा हे लगेच पटतं!

खाली पेन्सिलीची सही आहे, कडेला पत्र्याचा दाब बोटाला जाणवतो, भिंगातून छपाईचे ठिपके दिसत नाहीत. पण फोटोग्रॅव्ह्युअरलाही (फोटोच्या मदतीने पत्रा कोरून केलेल्या छपाईलाही) असा दाब येतो. मग फरक नेमका कुठे बघायचा?

शिवाय कागदावर तपकिरी डाग आहेत आणि चित्र मुंबईच्या दमट हवेत न्यायचंय. आम्लरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) पुरेल का? कागदावरच्या चित्रांचं संवर्धन करणारं मुंबईत कुणी खात्रीचं आहे का?