मदत हवी आहे: घरी वाजवायला इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा ॲम्प (मु. अमळनेर, बजेट ३० हजार)

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरचा, वय ४१, शाळेत गणित शिकवतो. सात वर्षं साधी अकूस्टिक गिटार वाजवतोय. वाजवतोय म्हणजे गॅदरिंगला पोरांच्या गाण्यामागे कॉर्ड धरण्याइतपत. बोटांना घट्टे पडले, पण बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबायच्या) अजून दहातून सहा वेळाच स्वच्छ लागतो. यंदा पगाराच्या फरकाची थोडी रक्कम हातात आली आणि सौ. म्हणाली, "एकदाची घेऊन टाका ती करंटवाली गिटार, रोज रात्री मोबाईलमध्ये बघून उसासे टाकता." या परवानगीची मुदत किती ते माहीत नाही, म्हणून घाई.

घर गल्लीतलं, जुनं. शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. आई साडेनऊला झोपते, मुलाचं दहावीचं वर्ष. मला वेळ मिळतो तो रात्री दहा ते अकरा. मेटल वगैरे वाजवायचं नाही. स्वच्छ आवाज, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांच्या मधल्या जागा, जमलं तर थोडं ब्लूज. गिटार, ॲम्प, वायर, पट्टा सगळं मिळून ३० हजारांत बसवायचं आहे.

जळगावला दोन दुकानं पालथी घातली. तबला, पेटी, कीबोर्ड, बेंजो हवे तेवढे. इलेक्ट्रिक गिटार एका ठिकाणी एकच टांगलेली होती, तीही तारा गंजलेली. दुकानदार म्हणाला, मागवून देतो, पण ॲम्प ४० वॅटच्या खाली घेऊ नका, आवाजच निघत नाही. न बघता मागवायची मला धास्ती आहे. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन एक 'सगळं एकत्र' संच मागवला होता, गिटार, ॲम्प, पिशवी, सगळं. खोकं उघडलं तर नेक केळीच्या पानाच्या दांड्यासारखी वाकलेली. परत करायला दीड महिना गेला.

तर ४० वॅट खरंच लागतात का? घरात मुलाच्या कीबोर्डसाठी घेतलेला २० वॅटचा स्पीकर पडून आहे, त्यालाच लावली तर? आणि दिवाळीत भाचा त्याची गिटार घेऊन आला होता, ती आमच्या घरात लावली की नुसतं घूंऽऽ करायची. त्याच्या घरी करत नाही म्हणे. दोष गिटारचा की आमच्या घराचा?

पुणेरी फझ:
सर, वॅटचं गणित तुम्हालाच सोपं जाईल. शक्ती दहापट केली की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो, कारण कान लॉगरिदमने ऐकतो. म्हणजे १० वॅटच्या जागी ४० वॅट घेतले तर फरक ६ डेसिबलचा, दुप्पटही नाही. बंद खोलीत एक वॅटसुद्धा शेजाऱ्याला उठवतो. माझ्याकडे ५० वॅटचा बॉस कटाना ॲम्प आहे, त्याला अर्ध्या वॅटवर चालवायची सोय आहे. तीन वर्षांत मी त्या अर्ध्याच्या वर गेलेलो नाही. दुकानदाराच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात असते, तुमची रात्रीची दहाची वेळ नसते.

कीबोर्डच्या स्पीकरला लावता येईल, काही जळणार नाही, पण मजा येणार नाही. गिटार ॲम्पचा स्पीकर मुद्दाम 'बहिरा' असतो, साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नाही. कीबोर्डच्या स्पीकरमध्ये ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) असतो, तो सगळं ऐकवतो. स्वच्छ आवाज कोरडा लागतो आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) लावलंत तर मोहोळ उठल्यासारखं वाटतं.

कळण्याची भाकरी:
मी भुसावळचा. वेगळं मत देतो, राग नको. ॲम्प घेऊच नका. रात्री दहाला वाजवणाऱ्या माणसाला स्पीकर हवा कशाला? व्हॉक्सचा ॲमप्लग किंवा फेंडरचा मस्टँग मायक्रो, गिटारच्या जॅकमध्येच खोचायचा, हेडफोन लावायचा, संपलं. उरलेले सगळे पैसे गिटारमध्ये घाला.

मी उलटं केलं होतं. शंभर आवाजवाला ॲम्प घेतला आणि सहा महिने संध्याकाळी नुसती बटणं फिरवली. ड्यूटीवरून यायचं, आवाज नंबर ६३ लावायचा, 'वा!' म्हणायचं, मग ६४. एक गाणं पूर्ण बसलं नाही.

हेडफोन मात्र वायरचाच. ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो. सिनेमा बघताना कळत नाही, पण तार छेडली आणि सूर नंतर आला की ताल हातातून सुटतो.

तुमच्या बार कॉर्डबद्दल. अकूस्टिकवर बहुतेक १२ च्या, म्हणजे जाड तारा असतील. इलेक्ट्रिकवर ९ चा बारीक सेट टाका, निम्मं दुखणं तिथंच जाईल. दुसरं म्हणजे स्केल, नट (नेकच्या टोकाची पट्टी) ते ब्रिज (खालची, तारा टेकतात ती पट्टी) हे तारेचं अंतर. स्ट्रॅट जातीच्या गिटारमध्ये ते साडेपंचवीस इंच, लेस पॉल जातीत पावणेपंचवीसच्या आसपास. कमी स्केलवर तीच तार तोच सूर कमी ताणात देते. एपिफोनची लेस पॉल स्पेशल किंवा कॉर्टची सीआर ५० हातात धरून बघा.

पुणेरी फझ:
भाऊ, रोज हेडफोन लावून कान भणभणतात. रविवारी दुपारी सौ.ना एखादं गाणं ऐकवायचं म्हटलं तर काय, एक इयरफोन तिच्या कानात? छोटा का होईना, स्पीकर हवाच.

सोल्डरगन:
मी धुळ्याचा. लग्नातल्या बँडवाल्यांचे बेंजो, कीबोर्ड, मायकच्या वायरी दुरुस्त करतो, मधेमधे गिटारही येतात. तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे आणि वरच्या दोघांनी तो सोडून दिला.

पिकअप म्हणजे चुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. ती गिटारच्या तारेचा कंप पकडते तसंच हवेतलं विजेचं गुणगुणणंही पकडते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूं. स्ट्रॅटसारख्या गिटारला एकेरी गुंडाळीचे पिकअप असतात, सिंगल कॉइल. हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलटसुलट जोडतात, त्यामुळे बाहेरून आलेली घूं आपापसात कटते आणि तारेचा आवाज मात्र जमा होतो. गिब्सनच्या सेथ लव्हर नावाच्या माणसाने १९५५ मध्ये हे केलं. नावातच आहे, हम बक करणारा.

पण भाच्याच्या घरी घूं नाही आणि तुमच्या घरी आहे, म्हणजे घर तपासायला पाहिजे. भाच्याला गिटारसकट परत बोलवा आणि हे करा. ॲम्प चालू ठेवून गिटार हातात घ्या आणि जागेवर गोल फिरा. घूं कमी-जास्त झाली तर ती हवेतून पिकअपमध्ये येतेय. मग एकेक वस्तू बंद करा: पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एलईडी ट्यूब, कूलर, मोबाईलचा चार्जर. फिरूनही फरक पडत नसेल, गिटारचा आवाज शून्यावर नेला तरी घूं तशीच राहत असेल, तर सॉकेट बघा. जुन्या घरात थ्री-पिनचं वरचं मोठं, अर्थिंगचं छिद्र पुष्कळदा शोभेपुरतं असतं, मागे वायरच नसते. असल्या ठिकाणी ॲम्प लावणं नुसतं घूंचं काम नाही. तारा ब्रिजमधून, वायरमधून ॲम्पच्या बॉडीला जोडलेल्या असतात. ॲम्पमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं तर करंट थेट बोटांत. बँडवाल्यांना मायकला ओठ लागून बसलेले झटके मी ऐकून आहे. घूं जाते म्हणून पिन तोडणारे महाभाग असतात, त्यांच्यात जाऊ नका. आधी वायरमन बोलवा, नंतर गिटार.

तारांना हात लावला की घूं कमी होते, त्याला घाबरू नका, ते ठीक आहे. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली ग्राउंडची वायर सुटली किंवा उलटी लागली आहे.

गिटार कुठली म्हणाल तर एक हंबकर आणि दोन सिंगल कॉइलवाली घ्या, दोन्ही जातीचे आवाज मिळतात. यामाहाची पॅसिफिका ०१२ तशी आहे, आयबानेझच्या स्वस्त मालिकेतही मिळतात. फ्लॉइड रोज ब्रिजवाली (ब्रिज स्प्रिंगवर तरंगता असतो) दिसली तर कितीही चमकदार असो, ठेवून द्या. एक तार तुटली की सगळी गिटार बेसूर, आणि पुन्हा लावता लावता तुमचे अकरा वाजतील.

तापीकाठ:
वाचनखूण साठवली. माझ्या घरातही घूं आहे, मी समजत होतो गिटारच तशी.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. भाचा रविवारी आला. गोल फिरलो. (आई दारातून बघत होती, "हाई काय करी ऱ्हायना रे भो?") फिरल्यावर थोडा फरक पडला, रेग्युलेटर बंद केल्यावर चरचर गेली, पण मूळ घूं हलली नाही. वायरमनला बोलावलं. सॉकेटमध्ये अर्थिंगची वायर आहे, मीटरपाशी गेलेलीही आहे. मग अडलं कुठे?

सोल्डरगन:
अर्थिंगचा खड्डा कुठाय?

धागाकर्ता:
मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाजवळ असावा असं वायरमन म्हणतो. वडिलांच्या वेळचा, बहुतेक १९९० च्या आसपासचा.

सोल्डरगन:
मग तोच. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला. आपली काळी माती पावसात फुगते, एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग पडली की माती धातूला सोडते आणि करंटला जमिनीत जायला वाट राहत नाही. पूर्वी तिथं धुणं होत असेल तोवर खड्डा आपोआप ओला राहिला. वॉशिंग मशीन आलं असणार. वायरमनला जोड घासून घट्ट करायला सांगा, खड्डा नव्याने भरा, आणि फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

धागाकर्ता:
(तीन आठवड्यांनी)

मशीन चार वर्षांपूर्वीच आलं. तुम्ही घर न बघता ओळखलंत. खड्डा उकरला तर वरचा नटबोल्ट हातात भुगा होऊन आला. नवीन पट्टी, कोळसा, मीठ, चार बादल्या पाणी. भाच्याच्या गिटारची घूं पूर्ण गेली नाही, पण आता हंबकरवर ठेवली तर वाजवताना लक्षात येत नाही. खरेदीतली पहिली वस्तू कोळसा निघाली.

गिटारसाठी बहिणीकडे पुण्याला गेलो होतो, तिथं दुकानात दोन तास बसून पाच हाताळल्या. पुणेरी फझ यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे नेकच्या कडेवरून बोट फिरवलं, एका गिटारचे फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) करवतीसारखे टोचत होते. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधली फट पाहिली, बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहिला. दुकानातला पोरगा आधी कंटाळला, मग स्वतःच दुसरीवर तपासायला लागला. लेस पॉल जातीची बोटांना खरंच सोपी गेली, पण बसून वाजवताना मांडीवर जड वाटली. शेवटी पॅसिफिका ०१२ घेतली आणि तिथंच ९ च्या तारा टाकून सेटअप करून घेतला. ॲम्प जुना, एका कॉलेजच्या मुलाकडून, बॉस कटाना मिनी. ७ वॅटचा, सहा पेन्सिल सेलवर चालतो. वीज गेली तरी सराव चालू, आणि हेडफोनचा जॅक आहे म्हणजे दोन्ही पक्षांचं समाधान. वायर, पट्टा, वायरमन, कोळसा धरून २९ हजारांच्या आत बसलं.

बार कॉर्ड आता दहातून आठ.

काल रात्री हेडफोन लावून तासभर वाजवलं. आई पाणी प्यायला उठली, बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "इतला पैसा टाका, आन् आवाज तं येतच नही."

आता एकच राहिलं. गिटार ठेवायची कुठे? बाहेरच्या खोलीत कूलर असतो, तिथं खुंटी आहे. उन्हाळ्यात ४५ च्या पुढे जातं, तर कूलरची थंड हवा लाकडाला बरी ना?

सोल्डरगन:
अजिबात नाही. कूलर चालू असताना खोली दमट, बंद केला की दोन तासांत भट्टी. लाकूड रोज फुगणार आणि आकसणार. फिंगरबोर्डचं लाकूड आकसलं की फ्रेटची टोकं बाहेर येतात, तुम्ही दुकानात पाहिलीत ती करवत तशीच होते. तारांनाही ओल लागून गंज. आतल्या खोलीत ठेवा, पिशवीत, झोपवून नाही, उभी. पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, ती रात्री दहापर्यंत तापलेली असते. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की नेक थोडी हलेल, तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवायचा नाही. धीर नसेल तर धुळ्याला घेऊन या, पाटील सरांसारखं चहाचं निमित्त करून नको, सरळ गिटार घेऊन या.

धागाकर्ता:
पाटील सर कोण?

सोल्डरगन:
तुमच्यासारखेच एक मास्तर. बेंजोवाले. त्यांचा खड्डा अजून कोरडाच आहे.