मनासारखं पात्र घडवता येईल असा गेम सुचवा (बजेट १५०० रु.)

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. पीसीसाठी गेम हवाय. मुख्य अट एकच: पात्र बनवताना हात मोकळा हवा. दहा तयार चेहरे आणि चार केशरचना, त्यातलं उचला, असलं नको. मला सावळी, थोराड बांध्याची, पसरट नाकाची, चाळिशीतली बाई बनवायची आहे. जाड वेणी असेल तर उत्तमच. बऱ्याच गेममध्ये रंग गडद केला तरी नाकडोळे त्याच गोऱ्या बाहुलीचे राहतात, वरून बूटपॉलिश फासल्यासारखे.
गोष्ट हवी, ऑनलाइन मारामारी नको. सिम्स सुचवू नका, त्यात गोष्ट नसते.
लॅपटॉप: ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, रॅम ८ जीबी, डिस्कवर ९० जीबी मोकळी. बजेट १५००. सेलला थांबेन.

रात्रपाळी
बाल्डर्स गेट ३. विषय कट. डोळे झाकून घे भावा.

पदरमोड
@रात्रपाळी, डोळे झाकूनच वाचलंस वाटतं. त्या गेमला १५० जीबी जागा लागते, तीही एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर. आणि १५०० मध्ये तो कुठे मिळतो ते मलाही सांग.

रात्रपाळी
मग एसएसडी टाकायची. रॅमही १६ करून घ्यायची. एकदाच खर्च होतो, पाच वर्षं बघायला नको. मी तेच केलं, आता सगळं लोण्यासारखं पळतं. २०२३ चा सर्वोत्तम गेम आहे, उगाच नाही.

खिडकीपाशी
भावा नाही, ताई. आणि बजेट १५०० गेमचं आहे, लॅपटॉपच्या डागडुजीचं नाही.

तर्रीबाज
बाल्डर्स गेटला +१. फक्त एक सांगतो ताई. पहिलं पात्र जीव ओतून बनवलं की लगेच गेम विचारतो, आता तुमच्या स्वप्नात येणारी व्यक्ती बनवा. ही कोण, कशासाठी, काही सांगत नाही. सगळे कंटाळून तिथे पहिलाच चेहरा ठोकतात आणि मग अख्ख्या गोष्टीत तोच अनोळखी माणूस येऊन उपदेश करतो.
स्वतःचं रूप नंतर बदलता येतं. छावणीत जादूचा आरसा आहे, सप्टेंबर २०२३ च्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या अपडेटमध्ये आला. वंश मात्र बदलत नाही, एल्फची मानवी बाई होणार नाही.

नाइट_सिटीचा_पाहुणा
सायबरपंक २०७७ घ्या. दात, नखं, डोळ्यांचे रंग, गोंदण, सगळं निवडता येतं. सेलमध्ये चांगला उतरतो.

पदरमोड
आणि मग दिसतं काय? स्वतःचे दोन हात. गेम पात्राच्या डोळ्यांतून दिसतो, पात्र बाहेरून दिसत नाही. चेहरा बघायला आरशासमोर उभं राहा, मोटारसायकलवर बसा नाहीतर फोटो मोड उघडा. त्यात सुरुवातीला रूप बदलायची सोयही नव्हती, ती १.५ पॅचमध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. नखं निवडून करायचं काय, बंदूक धरलेल्या बोटांवर नेलपॉलिश बघायची?

नाइट_सिटीचा_पाहुणा
हो, बघायची. मला आवडते. तुम्हाला काय त्रास?

कोपऱ्यावरचा_बॅट्समन
कुणी क्रिकेट २४ चं नाव कसं नाही घेतलं? भारतीय संघाचं लायसन्स नाही म्हणून लोकांनी स्वतः खेळाडू बनवून अकादमीत चढवलेत, आपण फक्त उतरवून घ्यायचे. दाढीची ठेवण, पॅडचा रंग, बॅटवरचं स्टिकर, सगळं. मी आमच्या गल्लीचा संघ केलाय, यष्टिरक्षकाचं पोटसुद्धा जसंच्या तसं. त्याला दाखवलं तर दोन दिवस बोलला नाही.

खिडकीपाशी
पोटाचं वाचून हसू आलं, पण मला गोष्ट हवी आहे.

कोपऱ्यावरचा_बॅट्समन
करिअर मोड म्हणजे गोष्टच की. खालून वर चढत जायचं.

मीठभाकर
एल्डन रिंग. चेहरा हवा तेवढा बनवा, गोलमेज गडावर आरसा आहे, तिथे पुन्हा बदला. पण खरं सांगायचं तर दोन तासांनी डोक्यावर जे शिरस्त्राण चढतं ते उतरत नाही, कारण उतरवलं की मार जास्त बसतो. वेणी गेली लोखंडात.
शिवाय त्याला किमान १२ जीबी रॅम लागते.

रात्रपाळी
मी काय म्हणत होतो? रॅम.

जुनं_खोड
इतकं सगळं वाचलं. तुमच्या लॅपटॉपचा विचार करून कुणी बोलेना म्हणून लिहितो.
ड्रॅगन्स डॉग्मा: डार्क अरायझन. दुसरा भाग नव्हे, पहिला. पीसीवर जानेवारी २०१६ मध्ये आला. १६५० वर आरामात चालेल, जागाही फारशी खात नाही, सेलमध्ये बजेटच्या बऱ्याच आत बसतो. त्यात शरीर नुसतं दिसण्यापुरतं नसतं. थोराड बाई जास्त ओझं वाहते, बुटकं पात्र अशा भोकातून आत शिरतं जिथे उंच माणसाचं घोडं अडतं. आणि सोबतीला एक मदतनीस तुम्हीच घडवायचा, तो कायम बरोबर फिरतो. म्हणजे एका गेममध्ये दोन माणसं बनवायला मिळतात.
खोट एक. सेव्हची, म्हणजे खेळ साठवायची जागा एकच. दुसरी बाई सुरू करायची तर पहिलीवर पाणी सोडायचं.

दुसरी गोष्ट, कुठलाही गेम घ्या. पात्र बनवायच्या खोलीतला उजेड फसवा असतो. तिथे सावळा दिसणारा चेहरा बाहेर उन्हात एकदम पांढुरका पडतो, आणि गुहेत कोळसा. प्रकाश बदलून बघायचं बटण असेल तर ते आधी दाबा. नसेल तर एक सेव्ह टाकून दिवसा, रात्री, दिव्याखाली चेहरा बघून या, मगच पुढे जा. आणि समोरून बघू नका. पसरट नाकाची खरी परीक्षा बाजूने होते.

तर्रीबाज
दुसरा भाग का नको? त्याचा पात्र बनवायचा भाग स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) वेगळा फुकट आहे.

जुनं_खोड
फुकट आहे तो पात्र बनवण्यापुरता. मूळ गेमला किमान १६ जीबी रॅम. शहरात शिरलं की तगडे पीसीसुद्धा धापा टाकतात.

पदरमोड
खोडसाहेबांना +१. एक भर घालतो: स्टीमवर १४ दिवसांत आणि २ तासांच्या आत खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. पण पात्र बनवायचा वेळही त्याच २ तासांत मोजतात. नाक कोरत दीड तास बसलात तर गेम चांगला की वाईट हे ठरवायला अर्धाच तास उरतो. आणि गेमची की, म्हणजे चालू करायचा कोड, स्वस्तात विकणाऱ्या साइटवरून घेऊ नका. माझी एक की आधीच वापरलेली निघाली, पैसे पाण्यात.

मीठभाकर
स्टीमवर परतावा मिळतो, २ तासांच्या आत. ध्यानात ठेवा.

पदरमोड
वर तेच लिहिलंय हो.

चिंचपोकळी_लोकल
सिम्स नको म्हणालात तरी सांगते. मूळ सिम्स ४ ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर पळेल. डिसेंबर २०२० च्या अपडेटमध्ये त्वचेच्या शंभरहून जास्त छटा आल्या, वर गडद-फिका करायला स्लायडर. नाक, जबडा, दंड थेट माउसने ओढायचे. शिवाय २०२१ मध्ये फॅशन स्ट्रीट नावाचं छोटं कपड्यांचं किट आलं, आपल्या मुंबईवरून बेतलेलं.

कॅम्पातला_पुणेकर
फॅशन स्ट्रीट म्हणजे आमच्या पुण्याच्या कॅम्पातली का?

चिंचपोकळी_लोकल
नाही हो. मुंबईची, आझाद मैदानासमोरची.

कॅम्पातला_पुणेकर
नाव तेच, माल तोच, आमच्याकडे घासाघीस तरी करता येते.

चिंचपोकळी_लोकल
आमच्याकडे काय हात जोडून पैसे देतात? निम्म्यावरून सुरुवात करतो आम्ही.

रात्रपाळी
सिम्सला हात लावू नका. मूळ गेम फुकट, पण ऋतू हवेत पैसे टाका, कुत्रा हवाय पैसे टाका. सगळे पॅक घ्यायला गेलात तर त्यात नवा लॅपटॉप येईल.

जुनं_खोड
याच्याशी सहमत. आणि त्यात गोष्ट नाही, हे ताईंनी आधीच सांगितलंय.

खिडकीपाशी
सर्वांचे आभार. खोडसाहेब, डार्क अरायझन विशलिस्टमध्ये टाकलाय, पण सेव्हची जागा एकच म्हटल्यावर मन धजेना. मला तीन बायका बनवायच्या आहेत.
शेवटी सिम्स ४ उतरवला. म्हटलं फुकट आहे, नाक तरी बघू. नाक जमलं, बाजूनेही जमलं. मग तिला जाऊ केली, मग सासू केली. सासू सध्या सुनेच्या स्वयंपाकघरात उभी आहे आणि ओव्हनने पेट घेतलाय. फॅशन स्ट्रीटचं किटही घेतलं. उरलेले पैसे तूर्त शाबूत आहेत.

जुनं_खोड
मग विचारलंत कशाला? एवढं टंकलं मी.

चिंचपोकळी_लोकल
:) सासूला आधी बाहेर काढा. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म बसवा, आग विझवणारे आपोआप येतात.

नवखा_१२
दादा, १६५० वर क्रिकेट २४ चालेल का? आणि ते पोटवालं पात्र कुठे मिळेल?