मदत हवी आहे: एमएस आहे हे कळतं, तरी स्वतःवर खेकसणं थांबत नाही

नमस्कार मंडळी,

वय ३८, पुणे, आयटीत नोकरी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये उजव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, मग एमआरआय, पाठीतून पाणी काढून तपासणी, आणि शेवटी मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार. रिलॅप्सिंग-रिमिटिंग प्रकार, म्हणजे अटॅक येतो आणि मग ओसरतो. आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन घेते, एमआरआय सध्या स्थिर आहे. औषधांबद्दल काही विचारायचं नाहीये, त्यामुळे कृपया कुठल्या वैद्यांचे पत्ते देऊ नका. खूप आहेत माझ्याकडे.

अडचण अशी की घरात मला कोणी काही बोलत नाही, मीच बोलते. सासूबाई उलट म्हणतात, "पड जरा, मी बघते." आणि पडल्या पडल्या माझ्या डोक्यात सुरू होतं: सत्तरीची बाई ओट्याशी उभी आणि तू लोळतेस. सोंग आहे सगळं. काल चालत होतीस ना दुकानापर्यंत?

परवाचंच सांगते. संध्याकाळी पोळ्या करत होते. मे महिना, गॅस चालू म्हणून पंखा बंद. चौथ्या-पाचव्या पोळीला उजव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली, लाटणं एका बाजूला कलायला लागलं, पोळी एकीकडे जाड, एकीकडे पापड. डोळ्यापुढे धूसर. तरी रेटून सगळी कणीक संपवली, कारण "एवढंही जमत नाही का तुला?" दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर कॅमेरा बंद ठेवून पलंगावरून बोलले. त्याबद्दल पुन्हा स्वतःचीच हजेरी घेतली, ते वेगळंच.

सेल्फ-कम्पॅशन, स्वतःशी मायेनं वागा वगैरे वाचलंय. पटतं. पण करायचं काय नेमकं? आणि समजून घेणं कुठे संपतं आणि स्वतःचे लाड कुठे सुरू होतात? एमएस असलेल्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

— पाऊलवाट


तळजाई:
पाऊलवाट, मलाही एमएस आहे, तुझ्या कितीतरी आधीपासून. अगंतुगं करते, चालेल ना?

आधी पोळ्यांचं बघू. ते सोंगही नव्हतं आणि नवा अटॅकही नव्हता. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जिथे झिजलेलं असतं, तिथून संदेश कसाबसा जात असतो. अंगाचं तापमान अर्धा अंश जरी चढलं तरी तो अडखळतो. याला उहटॉफची लक्षणं म्हणतात, १८९० च्या सुमारास त्या जर्मन डॉक्टरांनी नोंदवलेली. अंग गार झालं की बहुधा तासाभरात ओसरतं. नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन नसेल, तर मात्र न्यूरोला फोन करायचा.

माझा उपाय: कणीक सकाळी गारव्यात, लाटायला उंच स्टूल, मानेवर ओला नॅपकिन. जून उजाडेपर्यंत पोळ्यांना बाई. घरी पोळ्यावाल्या मावशी आल्या म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.


गूळपोळी:
ताई, मन खंबीर ठेवा, सगळं मनावर असतं. आमच्या नात्यातल्या एकांना पॅरालिसिस झाला होता, नुसत्या इच्छाशक्तीवर उभे राहिले. आजार आजार करत बसलं की आजार वाढतो.


पाऊलवाट:
@गूळपोळी, हेतू चांगला आहे, मान्य. पण तुम्ही लिहिलंय तेच वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर वाजत असतं. बाहेरून आणखी नको.

@तळजाई, अगंतुगं चालेलच. पण मावशी लावायच्या म्हटलं की पोटात कसंतरी होतं. त्यावरच गाडी अडलीये.


निळी छत्री:
मी समुपदेशनाचं काम करते, एमएसची तज्ज्ञ नाही. थोडं सविस्तर लिहिते.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये सेल्फ-कम्पॅशनची जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत. स्वतःशी मायेनं वागणं ही त्यातली एकच. दुसरी म्हणजे हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही, माणूस म्हटलं की कमी पडणं आलंच, ही जाणीव. तिसरी म्हणजे जे होतंय ते आहे तेवढंच बघणं, दाबायचं नाही आणि फुगवायचंही नाही. बहुतेक लोक पहिलीवरच थांबतात आणि मग "लाड होतायत" असं वाटतं.

तुमच्याबाबतीत मला दुसरी कच्ची वाटते. डायबेटिसवाले गल्लीत चार भेटतात, एमएसवालं कोणी भेटत नाही, त्यामुळे तुलना होते ती थेट धडधाकट सासूबाईंशी. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, पुण्यातही त्यांची शाखा आहे. दुसरी एखादी बाई "माझाही हात पोळ्या लाटताना असाच जातो" म्हणते, तेव्हा जे होतं ते माझ्या सल्ल्याने होणार नाही.

एक करून बघा. स्वतःला जे बोलता ते जसंच्या तसं वहीत उतरवा, "सोंग आहे सगळं"सकट. खाली लिहा की हाच आजार तुमच्या नणंदेला असता तर तिला काय म्हणाला असता. गोड लिहायची सक्ती नाही. "गॅस बंद कर आणि बस" एवढंही पुरे.

आणखी एक, हे महत्त्वाचं. एमएसमध्ये डिप्रेशन बरंच आढळतं, आणि इंटरफेरॉन घेणाऱ्यांनी मनःस्थितीकडे लक्ष ठेवावं असं औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. झोप उडाली, कशातच रस वाटेना, जगणं नको वाटायला लागलं, तर वहीवर भागवू नका, न्यूरोला स्पष्ट सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीबेरात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं.


सोलापुरी चादर:
बायकोला एमएस आहे. नवऱ्याच्या बाजूनं सांगतो. ती दर वेळी सॉरी म्हणायची. जिना चढताना थांबली, सॉरी. लग्नातून लवकर निघालो, सॉरी. खरं सांगू का, तिच्या आजारापेक्षा त्या सॉरीनं मी जास्त दमायचो, कारण प्रत्येक वेळी "अगं असू दे" म्हणत समजूत घालायची. आता आमचं ठरलंय. सकाळी मी विचारतो "किती?", ती मोबाइलच्या बॅटरीसारखं सांगते, "साठ", "तीस". तीस म्हटलं की कुकर मी लावतो. चर्चा नाही, आभार नाहीत. तुमच्या सासूबाई "मी बघते" म्हणतात तेव्हा त्यांना खरंच बघायचं असेल की हो!


पाऊलवाट:
सासूबाईंचं वाचून हसू आलं आणि थोडं लागलंही. वहीत लिहून बघितलं. नणंदेला मी म्हणाले असते, "उद्या ऑफिस आहे ना, बाहेरून मागवू." स्वतःसाठी हे कधी सुचलंच नव्हतं.

तरी शंका आहेच. असं दरवेळी सोडून देत गेले तर हळूहळू सगळंच सुटेल ना? पाय चालतायत तोवर चालवायला नकोत का?


तळजाई:
चालवायलाच हवेत. पूर्वी एमएसवाल्यांना व्यायाम करू नका म्हणायचे, आता उलट करायलाच सांगतात. पण तू हिशेब बघ. ओरडा खाऊन तू पोळ्या संपवल्यास आणि दुसरा दिवस पलंगावर गेला. मध्येच थांबली असतीस तर दुसऱ्या दिवशी फिजिओचे व्यायाम झाले असते. ओरडणारी तू जास्त काम करतेस असं तुला वाटतं, आठवड्याचा हिशेब केलास तर कमीच भरेल. बऱ्या दिवशी सगळा अनुशेष भरून काढायचा आणि मग दोन दिवस आडवं व्हायचं, हे आपल्यातल्या बहुतेकांचं होतं. बऱ्या दिवशीही दम उरलेला असताना थांबायचं. मला हे अजूनही जड जातं.

लाड कशाला म्हणायचं ते मी असं ठरवलंय: इंजेक्शन चुकवलं, व्यायाम चुकवला आणि म्हटलं "जाऊ दे, बिचारी मी", तर ते लाड. इंजेक्शननंतर ताप येतो म्हणून दुसऱ्या दिवशी पाहुणे नको म्हटलं, तर ते नव्हेत.


पाऊलवाट:
इंजेक्शन शुक्रवारी रात्री घेते आणि शनिवारी पाहुणे असतातच! हे बदलते.

मावशींशी बोलणं झालं, सोमवारपासून येतायत. सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "फुलके जमतात का त्यांना?" बस्स, एवढंच.

शेवटचं विचारते. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे म्हणतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढावं का? चालती-फिरती मी, रांगेत उभं राहायला लाज वाटते.


सोलापुरी चादर:
काढा. कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं वेगळं नाव आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात. बऱ्याच सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणी नेमकी बऱ्या दिवशी आली तर टक्के कमी पडू शकतात, म्हणून एमआरआयचे सगळे रिपोर्ट, प्रत्येक अटॅकचे डिस्चार्ज पेपर आणि न्यूरोचं पत्र फाइलला लावा. आणि तिथे "तसं बरं आहे हो" म्हणू नका. आमच्या हिनं म्हटलं होतं.