मदत हवी आहे: बंदुकीला सायलेन्सर असला तरी इअरमफ (आवाज अडवणारी कानझाकणी) लागतात का?

मंडळी, टेक्सासमध्ये कुणी शूटिंग रेंजवर जातं का? शेजारच्या काकांनी शनिवारी बोलावलंय. त्यांच्या एआर-१५ रायफलला सायलेन्सर आहे, त्यामुळे "कानाला काही नको" म्हणतात. माझ्या डाव्या कानात आधीच रात्रंदिवस रातकिडे किरकिरतात, म्हणून धाकधूक.

वाचलं ते असं: या रायफलचा आवाज साधारण १६५ डेसिबल, सायलेन्सरने २० ते ३५ कमी होतो. म्हणजे उरले १३० ते १४५! सिनेमातलं ते 'फुस्स' कुठे गेलं? ३० डेसिबल म्हणजे तीव्रता हजारपट कमी, हे कळतं. पण १४० च्या वर एकाच बारानेही कान जाऊ शकतो म्हणतात. शिवाय सायलेन्सर फक्त नळीतून सुटणाऱ्या गॅसचा धडाका अडवतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगात सुटली की तिचा 'फटाक' वेगळाच, त्याला काय करणार?

तर अनुभवी लोकांनो, प्रत्यक्षात कानाला कसं जाणवतं? छत असलेल्या रेंजवर जास्त घुमतं का? आणि पॉइंट टू-टू (०.२२ इंची, लहान गोळीच्या) रायफलमध्ये सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी वेगाच्या, गोळ्या वापरल्या तर खरंच निभावतं का? इअरमफ मी नेणारच आहे, पण काकांना पटेल असं काहीतरी सांगा.