मदत हवी आहे : घडीच्या चाकूचं पातं हलतंय, आवळलं की जड होतं. दुरुस्त करू की दुसरा घेऊ? (डावखुऱ्यासाठी सल्ला हवा)

नमस्कार मंडळी,

रोज खिशात असणाऱ्या घडीच्या चाकूबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

चाकू मध्यम आकाराचा आहे. पातं साधारण साडेसात सेंटीमीटर, लॉक लायनर पद्धतीचं. म्हणजे पातं पूर्ण उघडलं की मुठीच्या आतली पातळ पट्टी आपोआप सरकते आणि पात्याच्या बुडाला अडसर होते. कामं साधीच: खोक्यांची चिकटपट्टी, सुतळी, केबल टाय, बागेतली एखादी फांदी, कधी फळ. चाकू आवडीचा आहे, हातात छान बसतो, म्हणून लगेच टाकवत नाही.

त्रास असा. पातं उघडून पाठीकडून चिमटीत धरलं तर डावी-उजवीकडे किंचित हलतं. बुडाशी कळत नाही, टोकाशी स्पष्ट दिसतं. पिव्होटचा (ज्या खिळीवर पातं फिरतं तिचा) स्क्रू आवळला की हलणं थांबतं, पण मग उघडताना अंगठ्याला इतका जोर लावावा लागतो की हात घसरायची भीती वाटते. स्क्रू जरा सैल केला की उघडमीट सुरेख, पातं मात्र पुन्हा हलायला लागतं. मधली जागा सापडलीच तर थोड्या दिवसांत स्क्रू आपोआप ढिला होतो. मिटल्यावर पातं मध्यभागीही बसत नाही, खिशाला अडकवायच्या क्लिपच्या बाजूला झुकतं.

दुसरी गोष्ट, मी डावखुरा आहे. हे लॉक उजव्या अंगठ्यासाठी बनवलेलं आहे. मला पट्टी तर्जनीने ढकलावी लागते आणि त्या वेळी बोट पात्याच्या वाटेत येतं. क्लिपही एकाच बाजूला लागते.

तर विचारायचं असं: हा चाकू नीट करण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर क्रम काय? नवा घ्यायचा झाला तर डाव्या हाताला कोणतं लॉक सोयीचं? पोलाद कोणतं बघावं? फार महागड्या पोलादाचा हट्ट नाही. धार घरच्या दगडावर लावता आली पाहिजे आणि खिशातल्या घामाने गंज चढू नये, एवढंच.

आगाऊ आभार.

प्रतिसाद

आधी एक खात्री करा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पातं फक्त आडवं हलतंय की वर-खालीही? पातं उघडं ठेवा, मूठ एका हातात घट्ट धरा, दुसऱ्या हाताने पात्याची पाठ चिमटीत धरून वर-खाली दाबून बघा. आडवं हलणं हा पिव्होट आणि वॉशरचा प्रश्न आहे, तो घरी सुटतो. वर-खाली टकटक जाणवत असेल तर लॉकची पट्टी किंवा पातं जिथे थांबतं ती पिन झिजली आहे. तो दोष स्क्रू आवळून जात नाही.

पट्टी कुठवर सरकते तेही बघा. लॉक लागल्यावर ती पात्याच्या बुडाच्या जाडीपैकी तिसरा हिस्सा ते निम्मी जाडी व्यापत असेल तर लॉक तंदुरुस्त आहे. सरकत सरकत पार पलीकडच्या लायनरला (मुठीच्या आतल्या पत्र्याला) टेकली असेल तर त्या चाकूवर जोराची कामं करू नका.

आणि लॉक तपासायला पात्याची पाठ टेबलावर आपटण्याची पद्धत काही जण सांगतात. कृपया करू नका. त्याने चांगलं लॉकही बिघडतं.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. फक्त आडवं हलत असेल तर माझ्या मते तुमचा चाकू बिघडलेला नाही, मळलेला आहे. 'आवळलं की जड, सोडलं की सैल' हे लक्षण बहुतेक वेळा वॉशरचं असतं. पात्याच्या दोन्ही बाजूंना कांस्याचे किंवा टेफ्लॉनचे पातळ वॉशर असतात. त्यांच्यात खिशातला धागा-धूळ आणि जुनं घट्ट झालेलं तेल साचतं. स्वच्छ, सपाट वॉशर असतील तर पातं न हलता मोकळं फिरेल अशी जागा मिळतेच.

क्रम सांगतो. बहुतेक चाकूंना टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे) स्क्रू असतात, मुठीचे आणि क्लिपचे साधारण टी-६, पिव्होटचा टी-८. बिट चांगल्या पोलादाचं घ्या आणि ते स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसवून, वरून दाब देऊनच फिरवा. स्वस्त बिटाने खाच गोल झाली की पुढे सगळं अवघड होतं. स्क्रू हलतच नसेल तर कारखान्यात लावलेलं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक) सुकलेलं असतं. गरम सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, ते मऊ होतं. मूठ प्लास्टिकची असेल तर फार वेळ टेकवू नका.

उघडण्याआधी पात्यावर चिकटपट्टी गुंडाळा. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, कोणता वॉशर कोणत्या बाजूचा होता हे नंतर आठवत नाही. सगळे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. वॉशर काचेवर ठेवून बघा. एखादी कड उचललेली दिसली तर तो वाकला आहे आणि पातं एका बाजूला झुकण्याचं कारण बहुधा तोच. बेअरिंगवाला चाकू असेल तर छोट्या गोळ्या सांभाळा.

जोडताना मुठीचे स्क्रू आधी नुसते टेकवा, आवळू नका. पिव्होट पूर्ण आवळा, मग अगदी थोडा थोडा सोडत जा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा. दर वेळी पातं उघडून आडवं हलवून बघा. हलणं नाही आणि फिरणं मोकळं, ही जागा सापडली की मुठीचे स्क्रू आलटून पालटून आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली की मूठ किंचित पिळवटते आणि पातं पुन्हा कडेला जातं. वॉशरला तेलाचा एकच थेंब. फळं कापता, तर खाण्याजोगं मिनरल ऑइल वापरा.

सगळं मनासारखं झालं की मगच पिव्होटचा स्क्रू काढून त्याच्या आट्यांना निळ्या थ्रेडलॉकरचा टिपका लावा. लॉकटाइट २४३ चालेल. बारीक स्क्रूंना जांभळं २२२ जास्त बरं. लाल नको, ते सहजी पुन्हा उघडू देत नाही. लावून एक दिवस चाकू तसाच ठेवा. स्क्रू आपोआप सैल होण्यावर हाच इलाज, कारण पातं फिरताना वॉशरमार्फत स्क्रूलाही थोडं थोडं फिरवत असतं.

काही कंपन्या उघडलेल्या चाकूला वॉरंटी देत नाहीत. वॉरंटी चालू असेल तर तेवढं आधी वाचून घ्या.

प्रतिसाद

किंचित हलणाऱ्या पात्याने काय बिघडतं? माझा जुना चाकू हलतो आणि खोकी कापतो. लोक उगाच बारकाव्यात शिरतात.

प्रतिसाद

खोक्याला फरक पडत नाही, मान्य. पण धागाकर्ते फांदीही कापतात. पातं लाकडात अडकलं आणि बाहेर काढताना आडवा जोर लागला की तो सगळा पिव्होटवर आणि लॉकच्या तोंडावर जातो. हलतं पातं तिथे लॉकला तिरकं टेकतं. बोटं मुठीवरच असतात, म्हणून मी याला बारकावा म्हणणार नाही.

डावखुरेपणाबद्दल लिहितो, मीही डावखुरा आहे. लायनर आणि फ्रेम लॉक (यात मुठीचीच एक बाजू अडसर होते) डाव्या हाताला कायम अडचणीचेच राहणार, कितीही सवय करा. खास डाव्या हाताच्या आवृत्त्या निघतात, पण मोजक्याच. तुम्ही दोन्ही हातांना सारखीच वागणूक देणारी लॉकं बघा. पाठीवर दाबायचं बॅक लॉक, किंवा मुठीत आडवी दांडी असलेलं क्रॉसबार लॉक. दुसऱ्या प्रकारात बोटं पात्याच्या वाटेत अजिबात येत नाहीत, दांडी मागे ओढली की पातं सुटतं. बेंचमेड कंपनीने १९९८ साली ॲक्सिस नावाने ते आणलं, आता इतरही बनवतात.

बॅक लॉकमध्ये स्पायडर्कोचा डेलिका बघा. पात्याला अंगठ्याने ढकलायच्या खुंटीऐवजी गोल भोक आहे, ते कोणत्याही अंगठ्याने उघडतं, आणि क्लिप चार जागी लागते. वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास. माझ्या मते डावखुऱ्यासाठी याहून सरळ निवड नाही.

पोलादाचं थोडक्यात: तुमच्या अटींना १४सी२८एन अगदी चपखल. सहजी गंजत नाही आणि साध्या दगडावर पटकन धार घेतं. डी२ची धार जास्त टिकते, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम (गंज रोखणारा धातू) कार्बाइडच्या कठीण कणांमध्ये अडकलेलं असतं, म्हणून घामाने डाग पडतात. दगडावर वेळही जास्त लागतो. पात्याची जाडी मात्र जरूर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचं, धारेकडे छान निमुळतं होणारं पातं साध्या पोलादाचंही असलं तरी जाड पात्याच्या भारी चाकूपेक्षा चांगलं कापतं.

प्रतिसाद

लॉक हवंच का, याचाही विचार करा. व्हिक्टोरिनॉक्सचे ९१ मिमीचे (मिटल्यावरची लांबी) साधे चाकू बिनालॉकचे असतात, पातं पाठीच्या स्प्रिंगवर थांबतं, आणि चिकटपट्टी-सुतळी-फळाला ते पुरतात. या दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे ओपिनेल कंपनीचा चाकू. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, १९५५पासून त्याला फिरवायची कडी असते, तीच लॉक. डावा-उजवा असा भेद त्यात नाहीच. पण मूठ लाकडी, ओल लागली की फुगते आणि पातं उघडता उघडत नाही. दोन्हींना रिव्हेट असतं, स्क्रू नाही, त्यामुळे आवळण्या-सोडण्याची सोय नाही.

कायदाही बघून ठेवा, तो देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू जवळ बाळगता येतो. लॉक असेल तर सबळ कारण लागतं. विमानात केबिनच्या सामानात चाकू ठेवू नका, चेक-इनच्या बॅगेत टाका.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तपासलं. वर-खाली अजिबात हलत नाही आणि लॉकची पट्टी निम्म्याच्या आत थांबते. मग उघडला. क्लिपच्या बाजूच्या वॉशरखाली धाग्याची काळी, तेलकट गुंडाळी होती आणि टेफ्लॉनच्या वॉशरची एक कड खरोखरच उचललेली होती. काचेवर ठेवताच दिसली. ती बोटाने सपाट केली, सगळं पुसलं, सांगितलेल्या क्रमाने जोडलं. पातं आता मध्यभागी मिटतं आणि आडवं हलत नाही. उघडताना जोरही लागत नाही. थ्रेडलॉकर अजून लावलेलं नाही, वॉशर थोडा बसू दे म्हणून थांबलो आहे.

रोजच्या खिशासाठी मात्र बॅक लॉकवालाच घेणार. बोट पात्याच्या वाटेत येणं मला खरंच नको आहे. आता एकच विचारतो: नव्या चाकूची क्लिप डाव्या बाजूला लावताना तिच्या स्क्रूंनाही थ्रेडलॉकर लावू का? मूठ प्लास्टिकसारख्या नायलॉनची आहे म्हणून शंका आली.

प्रतिसाद

थांबलात ते योग्यच. वाकलेला वॉशर सपाट केला तरी थोड्या वापरात तो पुन्हा बसतो आणि पिव्होट परत जुळवावा लागतो. कंपनीकडे सुटा वॉशर मिळतो का तेही विचारून ठेवा.

क्लिपच्या स्क्रूंना लावा, पण आट्यांच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढंच, आणि बाहेर आलेलं लगेच पुसा. काही प्लास्टिकांना थ्रेडलॉकरने तडे जातात, म्हणून मुठीवर ओघळू देऊ नका. स्क्रू हाताने लागेल तेवढाच आवळा. टी-६च्या बारीक आट्या जोर लावला की तुटतात. आणि क्लिप पात्याचं टोक वर राहील अशी लावणार असाल तर मिटलेला चाकू पात्याची बाजू खाली करून झटकून बघा. पातं जराही उघडत असेल तर त्या जागी लावू नका, टोक खाली राहील अशी लावा.