मदत हवी आहे: चकलीची भाजणी जाडसर आणि थालीपिठाची बारीक दळून आली

लालबागकर:
बायकोने दोन डबे देऊन गिरणीत पाठवलं होतं. चकलीची भाजणी 3 किलो, बारीक. थालीपिठाची 2 किलो, जाडसर. डबे एकसारखे आणि चिठ्ठ्या झाकणांवर. गिरणीत झाकणं काढून ठेवली, त्यात अदलाबदल झाली आणि दळण उलटं झालं. चकलीची भाजणी कुणाच्या तरी गव्हापाठोपाठ पडली, शिवाय मी गरम पिठालाच झाकण लावून आणलं. चकल्या परवा सकाळी करायच्या आहेत. थालीपिठाची भाजणी बारीक आहेच, तिच्याच चकल्या केल्या तर?

परळची सुगरण:
अजिबात नको. तिच्यात ज्वारी, बाजरी, गहू असतात. चकल्या सोऱ्यातून पडताना तुटतील आणि वातड होतील.
आधी दोन्ही झाकणं उघडा. गरम पिठाची वाफ झाकणाला लागून पाणी परत पिठात पडतं, गुठळ्या होतात. सुती कापडावर पसरून पूर्ण गार करा. पंखा लावू नका, पीठ उडेल.
मग चकलीची भाजणी मैद्याच्या चाळणीने चाळा. खाली पडेल ते चकलीचं. वर उरलेला चाळ मिक्सरमध्ये दोन-दोन वाट्या घेऊन फिरवा, थांबून थांबून, म्हणजे तापणार नाही. पुन्हा चाळा. दुसऱ्यांदा जो चाळ उरेल तो टाकू नका, थालीपिठाच्या बारीक भाजणीत मिसळा. तिला हवा तो जाडपणा त्यातूनच येईल. नुसत्या बारीक पिठाचं थालीपीठ चिकट होतं.

दळणवाला:
पुन्हा गिरणीत नेऊ नका. दळलेलं पीठ दगडांत दाण्यासारखं सरकत नाही, अडकतं, तापतं. गव्हाचं म्हणाल तर जात्यात उरलेलं पीठ सुरुवातीलाच बाहेर येतं, म्हणजे डब्याच्या तळाशी बसतं. डबा हलवला नसेल तर वरून काढत या आणि तळाची दोन वाट्या भाजणी थालिपिठाकडे वळवा.

लालबागकर:
डबा हलवलेला नाही. तळाचं बाजूला काढलं. पण घरात रव्याचीच चाळणी आहे.

परळची सुगरण:
तिच्यातून कणी खाली येईल आणि सोऱ्याच्या भोकात अडकेल. चकली त्यानेही तुटते. भांड्यांच्या दुकानात मैद्याची मागा. वस्त्रगाळ करत बसू नका, 3 किलोला रात्र जाईल.
आणि सगळं पीठ एकदम भिजवू देऊ नका. आधी एक वाटी करून बघा. पाऊण वाटी पाणी उकळून त्यात एक टेबलस्पून तेल, तिखट, मीठ, तीळ, ओवा, हिंग घाला. गॅस बंद करून भाजणी घाला, ढवळा, अर्धा तास झाका. मग कोमट पाण्याचा हात लावत मळा. जाडसर पीठ पाणी सावकाश पितं, म्हणून झाकणं महत्त्वाचं. वळताना तुटली तर पाणी कमी. तेलात विरघळली तर मोहन, म्हणजे पिठात घातलेलं तेल, जास्त; कोरडी भाजणी मिसळा. गार झाल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती.

दळणवाला:
पुढच्या वेळी चिठ्ठी डब्याच्या अंगावर चिकटवा आणि आणखी एक आत धान्यावर ठेवा. दळायच्या आधी ती काढून घ्यायला सांगा. भाजणीआधी मूठभर तांदूळ दळून घ्यायलाही सांगा, म्हणजे जातं साफ होतं.